करंगळी कोरी ठेवायची

थोरलीचे हात त्या भागातल्या निम्म्या बायकांनी बघितलेत. चेहरा नाही, नुसते हात. धाकटी ज्या फोटोंवर गिऱ्हाइकं मिळवायची त्या सगळ्या फोटोंत तेच हात होते. लांबट बोटं, बदामासारखी नखं, आणि त्या नखांवर कधी ठिपक्यांची फुलं, कधी बारीक रेघांची जाळी. बायका फोन पुढे करून विचारायच्या, "ही कोण गं मुलगी?" मुलगी कसली डोंबलाची! पन्नाशी उलटलेली बाई ती, औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवून आयुष्य काढलेली, आणि तोंडानं अशी फटकळ की दूधवालासुद्धा तिच्या दारात शब्द मोजून बोलायचा.

या दोघी जावा. थोरलीचा नवरा फार पूर्वीच गेला. धाकटीचा नवरा ट्रकवर, आज इथे तर उद्या कुठे. घरी आला की मेल्यासारखा झोपायचा आणि उठला की परत स्टिअरिंगवर. त्याची आई तो लहान असतानाच गेली, त्याला वाढवलं ते थोरलीनं. धाकटी या घरात लग्न होऊन आली तेव्हा तिला भाताला पाणी किती इथपासून भांडण कसं जिंकायचं इथवर सगळं शिकवलं तेही थोरलीनंच. मूल दोघींच्याही पदरी नाही. दोन खोल्या, खाली झेरॉक्सचं दुकान, अरुंद जिना आणि रस्त्यावर उघडणारी एक मोठी खिडकी. एवढ्या जागेत दोघी राहायच्या, आणि एकीशिवाय दुसरीचं पान हलायचं नाही. भांडायच्या मात्र रोज, अगदी मन लावून.

नखांचं वेड धाकटीला लागलं ते शिलाईचं काम बंद पडल्यावर. कुठे शिकायला बिकायला गेली नाही ती. केसांच्या पिनेचं गोल टोक रंगात बुडवलं की ठिपका पडतो, पाच ठिपके आणि मध्ये एक की फूल होतं, ठिपका ओला असताना त्यातून टाचणी ओढली की पाकळीला टोक येतं, हे तिचं तिलाच सापडत गेलं. रेघा हव्या असतील तर चिकटपट्टीचे बारीक काप नखावर लावायचे, वरून रंग फिरवायचा आणि तो ओला असतानाच पट्टी उचलायची. वाळेपर्यंत थांबलं की पट्टीबरोबर पापुद्रा निघून येतो आणि सगळी मेहनत पाण्यात. भांडी घासायच्या स्पंजाचा कोपरा कापला की दोन रंग एकमेकांत विरघळवता येतात. सगळा संसार बिस्किटाच्या एका डब्यात मावायचा.

थोरलीनं आधी नाक मुरडलं. "कामाला जाणाऱ्या बायका त्या. त्यांच्या बोटांवर तू फुलं काढणार? उद्या म्हशीची शिंगं रंगवशील!"

पण धाकटीला सरावाला हात हवा होता. तिची स्वतःची नखं आखूड आणि पसरट, आणि डाव्या हातानं उजव्यावर काढायला जमेना. एका दुपारी तिनं थोरलीचा हात धरला तो सोडलाच नाही. थोरली कुरकुरत बसली. रंग वाळेपर्यंत काही काम करता येईना म्हणून आणखी कुरकुरली. मग उठून खिडकीशी गेली आणि दोन्ही हात उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. लेबलं चिकटवून चिकटवून डिंकानं सोललेली बोटं होती ती. त्यांच्याकडे कुणी कौतुकानं बघावं असं आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं, तिच्या स्वतःच्यासुद्धा.

"तिसरं फूल वाकडं आलंय," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन हात पुढे करून बसली.

तेव्हापासून ते चालूच राहिलं. नवीन नक्षी आधी थोरलीच्या नखांवर उतरायची, मग फोटोत आणि मग गिऱ्हाइकांच्या बोटांवर. पुढे पुढे थोरलीही ब्रश धरायला शिकली. लेबलवाली बाई ती, हात जन्माचा स्थिर. धाकटी गमतीनं म्हणायची, "वहिनी, तुम्ही माझं दुकान बंद पाडणार."

तोवर थोरलीच्या नखातही रोग नव्हता. मग जिना चढताना दम लागायला लागला. आधी मधल्या पायरीवर, मग खालच्याच पायरीवर. कारखान्यातल्या भुकटीनं फुप्फुसं खाल्ली होती आणि त्यांचा भार ओढून ओढून हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. एका सकाळी ती न्हाणीघराच्या दारात कोसळली आणि तिला रुग्णालयात न्यावं लागलं.

तिथे जे झालं ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. थोरलीच्या तोंडात नळी घातली होती. गुंगीत ती ती नळी ओढायला बघायची, म्हणून तिथल्या लोकांनी तिचे दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेच्या दांड्याला बांधून ठेवले. त्यांचंही काही चुकलं म्हणता येत नाही. नळी निघाली असती तर जीव गेला असता. धाकटीनं दाराच्या काचेतून ते बघितलं. बांधलेल्या बोटांवर तिनंच काढलेली पिवळी फुलं होती.

थोरली वाचली. घरी आली, खिडकीशी बसली आणि शालीच्या आत मनगटं लपवून म्हणाली, "चोराला बांधतात तसं बांधलं गं मला. नाक खाजत होतं. एवढंसं नाक, ते खाजवता येईना. तुला हाक मारावी तर तोंडात ती नळी." आणि रडली. नवरा गेला तेव्हाही ही बाई लोकांसमोर रडली नव्हती.

डॉक्टर सांगत होते ते वेगळंच. "नखांकडे आणि ओठांकडे लक्ष ठेवा. निळसर दिसले की क्षणभर थांबू नका, तडक घेऊन या. बोटाला लावायचं यंत्र आहे, पण यांची बोटं गार पडतात, त्यावर विसंबू नका. आणि हे रंग बंद करा आता. रंगाखाली मला काय दिसणार?"

"मग मला आत्ताच पोचवा," थोरली म्हणाली. "तेवढीच एक हौस उरलीय."

डॉक्टर बिचारा भला माणूस. त्यालाही हसू आलं. शेवटी असं ठरलं की नऊ नखं धाकटीची आणि एक डॉक्टरांचं. डाव्या हाताची करंगळी कोरी ठेवायची. तिला रंगाचा थेंबही लावायचा नाही.

धाकटीनं ते व्रतासारखं पाळलं. रोज सकाळी थोरली खिडकीशी बसून करंगळी पुढे करायची. धाकटी ते बोट उजेडात धरून, नखावर फुंकर मारून, डोळ्यांत तेल घालून बघायची.

"काय रंग आहे?" थोरली विचारायची.

"गुलाबी."

"मग बघत काय बसलीस? चहा टाक."

फोटोंत आता कायम एक बोट कोरं दिसायचं. बायकांना वाटलं ही नवी फॅशन आहे. दोघीतिघींनी तर आपलीही करंगळी कोरी ठेवून घेतली! त्या दिवशी दोघी जावा पोट धरून हसल्या. थोरलीला हसताना धाप लागली आणि धाकटीनं घाईघाईनं तिचं बोट बघितलं. गुलाबी होतं.

आता त्या बाटलीबद्दल. समोरच्या शाळेतल्या बाई धाकटीकडे यायच्या. त्यांना नखं नीटनेटकी हवी असायची, पण शाळेत रंग चालायचा नाही. त्यांच्यासाठी धाकटीनं एक मिश्रण केलं. पारदर्शक पॉलिश, त्यात गुलाबीचे थेंब आणि काडीच्या टोकावर मावेल एवढा पांढरा. पातळ हात द्यायचा, वाळला की बारीक कानशीनं घासून वरची चमक घालवायची. बस. नख निरोगी माणसाच्या नखासारखं दिसायचं, रंग लावलाय हे जन्मदात्या आईलाही कळलं नसतं. धाकटीला आपल्या सगळ्या फुलापानांपेक्षा या बाटलीचा अभिमान जास्त. थोरलीनंही तो रंग एकदा लावून बघितला होता, चमक कशी मारायची तेही शिकून घेतलं होतं. "कमाल आहे गं तुझी," म्हणाली होती. ती सहसा कौतुक करायची नाही, म्हणून धाकटीच्या ते लक्षात राहिलं.

थंडी पडली तशी थोरली पुन्हा मंदावली. जिना उतरणं सोडलं. विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगायची. रात्री उशांचा ढीग करून बसून झोपायची. धाकटीला काळजी वाटायची. एका दुपारी तिनं विषय काढलाच. "वहिनी, एकदा दाखवून येऊ या का? नुसतं दाखवायला."

"नख काय म्हणतंय?"

"नख गुलाबी आहे."

"मग गप की. आणि निळं झालं तर काय करशील?"

"उचलून नेईन. तुमचं काही ऐकणार नाही."

"हात बांधतील परत."

धाकटी तेव्हा कुणाच्या तरी लग्नाच्या घाईत होती, सहा जणींची नखं करायची होती, पिना धुवायच्या राहिल्या होत्या. ती मान वर न करता फटकन बोलून गेली, "बांधू देत की! जीव तरी वाचेल."

एरवी एका शब्दाला चार शब्द ऐकवणारी बाई, गप्प राहिली. तिथेच धाकटीच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही.

पुढच्या आठवड्यात थोरलीनं लिपस्टिक मागून घेतली. कधी नव्हे ते! धाकटीला इतका आनंद झाला म्हणून सांगू. "अगंबाई, कुणासाठी एवढं?" तिनं चिडवलं. "दूधवाल्यासाठी," थोरली म्हणाली आणि आरसा तोंडासमोर धरून नीट, कोपऱ्यापर्यंत ओठ रंगवले. नऊ नखांचा जुना रंगही ती आता स्वतःच पुसायची आणि फुलांखालचा रंग देऊन तयार बसायची, धाकटीनं वरची फुलं काढायची तेवढी. धाकटीला वाटलं, चला, बाईला जगावंसं वाटायला लागलंय. ती गुलाबी बाटली मात्र भराभर खाली जात होती. शाळेतल्या बाई तर महिन्यातून एकदा येणार. धाकटीनं झाकण सैल असेल असं धरलं, घट्ट फिरवून ठेवलं आणि ती कामाला लागली.

एवढ्या सगळ्या खुणा, आणि बाईला दिसू नये? शेजारणीनं नंतर हेच विचारलं. पण धाकटीला रोज सकाळी एक नख दिसत होतं आणि ते गुलाबी होतं. थोरलीचा चेहरा सुजत होता, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर तुटत होतं, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागत होता. धाकटी ते बघायची, घाबरायची, मग नख बघायची आणि निर्धास्त व्हायची. माणसापेक्षा तिचा नखावर विश्वास बसला होता. नखं हा तिचा धंदा होता ना. तिथे ती चुकेल कशी?

ज्या सकाळी ते झालं त्या सकाळीही तिनं नख बघितलं होतं. "काय रंग आहे?" थोरलीनं विचारलं ते जेमतेम ऐकू आलं. "गुलाबी," धाकटी म्हणाली आणि चहा टाकायला वळली. मागे हाक नाही, काही नाही, नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून बघते तो थोरली खिडकीच्या कठड्यावर कपाळ टेकून बसलेली, आणि घशातून घरघर येत होती.

झेरॉक्सवाला आणि त्याचं एक गिऱ्हाईक, दोघांनी मिळून तिला खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं. रिक्षात धाकटी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि सारखी करंगळी बघत राहिली. गुलाबी. तिला काही कळेना. दम तर असा लागलाय की छाती फुटेल, आणि नख म्हणतंय सगळं ठीक आहे.

रुग्णालयात नर्सनं बोटाला यंत्र लावलं आणि वैतागून काढलं. "हे रंग काय लावून आणलेत? पुसा आधी!" धाकटीच्या पिशवीत कापूस आणि रिमूव्हर कायम असायचं. ती खाटेपाशी गुडघ्यांवर बसली आणि आपली फुलं पुसायला लागली. अंगठा. निळा. पहिलं बोट. निळं. आदल्या दिवशी ज्यांच्यावर तिनं तासभर पांढरे ठिपके दिले होते ती नखं शाईत बुडवल्यासारखी दिसत होती. नऊ झाली.

"ही राहिली," नर्स म्हणाली.

"तिला नाही लावलेलं. ती डॉक्टरांसाठी..."

नर्सला ऐकायला वेळ नव्हता. तिनं कोरा कापूस रिमूव्हरमध्ये भिजवला आणि करंगळीवर एकदाच दाबून फिरवला. कापूस गुलाबी झाला. खालचं नख बाकीच्या नऊंसारखंच निळं होतं.

धाकटी त्या कापसाकडे बघत बसली. तो रंग जगात एकाच बाटलीत होता आणि ती बाटली तिनं स्वतः ढवळली होती. रंगाचा हात इतका पातळ की कडेला ओघळ नाही, चमक मारलेली, कातडीला कुठे डाग नाही. तिच्या कुठल्याच गिऱ्हाइकाचं तिला इतकं साफ जमलं नव्हतं. थोरलीनं हे किती दिवस, किती सकाळी, आपण नळावर पाणी भरत असताना, त्या गार पडलेल्या बोटांनी केलं असेल? राग आला तिला. असा राग आला की समोरच्या मरणाऱ्या बाईला गदागदा हलवावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी तिला स्वतःचं वाक्य आठवलं. बांधू देत की.

डॉक्टर आले. तोच भला माणूस. "इतकं होईपर्यंत थांबलात? नख बघत नव्हता का?"

"रोज बघत होते," धाकटी म्हणाली. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे बघतात तसं बघितलं त्यांनी.

तोंडावर मास्क बसवला तसा थोरलीनं तो ओढला. परत बसवला, परत ओढला. नर्स पट्ट्या घेऊन आली. धाकटी मध्ये उभी राहिली.

"बांधायचे नाहीत."

"अहो, मास्क काढतायत त्या. तुम्हाला कळतंय का?"

"मी धरते."

"किती वेळ धरणार आहात?"

"धरते म्हटलं ना! बांधायचे नाहीत."

आणि धरले तिनं. खाटेवर एका कडेला बसून थोरलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. थोरलीनं ओढले की हिनं परत छातीशी आणायचे. हाताला मुंग्या आल्या, पाठ मोडून निघाली, तहान लागली. ती उठली नाही. संध्याकाळकडे थोरली शांत झाली. डोळे उघडले. आधी तिनं आपले हात बघितले, ते खाटेला बांधलेले नव्हते, धाकटीच्या मुठीत होते. मग नखं बघितली. दहाच्या दहा कोरी. तिला काय ते कळलं. मास्कच्या आत ओठ हलले. धाकटीनं कान खाली नेला.

"काय रंग आहे?"

धाकटीनं ते निळं बोट उजेडाकडे धरलं, रोजच्यासारखी त्यावर फुंकर मारली आणि नीट बघितलं.

"गुलाबी."

"खोटारडी."

"तुमच्याकडूनच शिकले."

थोरली हसली असावी. मास्कवर वाफ आली तेवढीच. "नाक खाजव गं," ती म्हणाली. धाकटीनं मास्क जरासा उचलून तिचं नाक खाजवलं. त्यानंतर थोरली बोलली नाही. उजाडताना गेली.

घरी आल्यावर चादरी काढताना उशीच्या अभ्र्यात थोरलीची चष्म्याची डबी सापडली. चष्मा नव्हता त्यात. एक कानशी होती, पुढून कापून बारीक केलेला ब्रश होता आणि औषधाच्या छोट्या बाटलीत काढून ठेवलेला तो रंग होता. बाटलीला नीट, सरळ लेबल चिकटवलेलं, त्यावर काही लिहिलेलं नाही. सवय, दुसरं काय.

नवरा दुसऱ्या दिवशी पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. तो आला, बूटसुद्धा न काढता थोरलीच्या खुर्चीत बसला आणि तोंडावर हात घेऊन ओक्साबोक्शी रडला. खाली झेरॉक्सवाल्यापाशी, जिन्यात शेजारणीपाशी, त्याच्या कानावर सगळं आलं होतं. फुलं काढत बसली म्हणे. रंगाखाली काही दिसलंच नाही म्हणे.

"तू रोज बघायचीस ना?" त्यानं विचारलं.

"बघायचे."

"मग?"

"मला कळलं नाही."

"तुला?" त्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते. "अख्ख्या गल्लीच्या नखांचे रंग तुला तोंडपाठ. आणि माझ्या वहिनीचं एक नख तुला कळलं नाही?"

एक वाक्य पुरलं असतं. वहिनींनी स्वतःच लावला होता, एवढंच. पण ते सांगितलं असतं तर मग का लावला, हेही सांगावं लागलं असतं. हात बांधल्याचं सांगावं लागलं असतं, थोरलीनं जन्मात एकदाच रडून दाखवलं होतं ते सांगावं लागलं असतं, आणि आपल्याला आईसारखी असलेली बाई तिकडे परत जाण्यापेक्षा मरण बरं म्हणत होती, हे त्याला उरलेल्या जन्माचं ओझं झालं असतं. आणि ते "बांधू देत की". ते तर त्याला नाहीच, कुणालाच सांगता आलं नसतं.

"चुकलं माझं," धाकटी म्हणाली.

तो बघत राहिला, तिनं आणखी काही बोलावं म्हणून. चष्म्याची डबी कालपासून तिनं जवळून हलवली नव्हती, आत्ताही ती हातातच होती. "काय आहे ते?" त्यानं विचारलं.

"वहिनींचा चष्मा," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.